चतुराबाईची भूल

रिठदच्या चतुराबाईला वाशिमच्या दवाखान्यात नेलं ते साल चव्वेचाळीस. माघ महिना होता. तुरीची मळणी उरकली होती, बैलं दावणीला रिकामी उभी होती, म्हणून तिच्या लेकाला, जानरावला, सवड सापडली. नाहीतर ती जाणारच नव्हती. वीस-बावीस वर्षं तिनं ते दुखणं लुगड्याआड दडवून ठेवलं होतं. चौथ्या बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत ती डोक्यावर ओझं घेऊन वावरात गेली, आणि तेव्हापासून तिचं अंग खाली उतरायला लागलं. आधी उकिडवं बसलं की उतरायचं, मग चालताना, मग नुसतं खोकलं तरी. जुन्या लुगड्याची घडी करून ती घट्ट बांधायची आणि कामाला लागायची. त्या वर्षी मात्र घडीला रक्त लागायला लागलं, लघवी अडायला लागली, आणि एक दिवस वावराच्या धुऱ्यावर ती मटकन बसली ती उठेचना. सुनेनं पाहिलं, नवऱ्याला सांगितलं, आणि जानरावनं दुसऱ्याच दिवशी बंडी जुंपली.

गावात हसणारे हसले, कारण चतुराबाई सुईण होती. रिठदात आणि आसपासच्या वाड्यांत तिच्या हातचं पोर नाही असं घर शोधावं लागलं असतं. आई गेल्यावर तिनं हे काम हाती घेतलं. हात लहान, बोटं लांब, आणि आवाज असा की कळा देणारी बाई तिच्या शब्दाला धरून राहायची. तिला मान होता. लग्नात तिला आधी कुंकू लागायचं, बारशाला तिची ओटी आधी भरायची. अशी बाई आता परक्या हाताखाली जाणार, ही गोष्ट गावाला नवलाची वाटली.

दवाखान्यात बायकांची एक लांबट खोली होती. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, मधून वाट. नर्सबाईनं चतुराबाईला खिडकीजवळची खाट दिली. शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई पाय खाली सोडून कापसाच्या चौकोनी घड्या घालत बसली होती. तिनं वर पाहिलं.

"चतुरामाय? तुमी अथी?"

चतुराबाईच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला. ती रुख्मिणी होती, अनसिंगची लेक आणि रिठदच्या जगदेवची थोरली सून. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण चतुराबाईच्याच हातून झालं होतं.

ते बाळंतपण चतुराबाई विसरली नव्हती, आणि विसरायचा प्रयत्नही तिनं कमी केला नव्हता. श्रावणात रुख्मिणीला संध्याकाळी कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोर जागचं हललं नाही. डोकं अडकून बसलं होतं. हाताला कळत होतं. बाहेर सासऱ्यानं, जगदेवनं, कोणाला न विचारता बैलांची दमणी जुंपली. आत कडबा पसरला, त्यावर गोधडी टाकली. वाशिमला नेऊ म्हणाला. चतुराबाई हात पुसत ओसरीवर आली आणि तिनं सांगितलं की बैलं सोडा. रस्ता चिखलाचा, नाल्यात चाक फसलं तर पोरगी वाटेतच जाईल, आणि दिवेलागणीपर्यंत इथंच सुटका होते. जगदेवनं एकदा तिच्याकडं पाहिलं. तुम्ही म्हणाल तसं, एवढंच बोलून त्यानं जू उतरवलं. आत कोंडलेल्या खोलीत रुख्मिणीला यातलं काहीच ऐकू गेलं नाही.

दिवेलागण झाली, रात्र गेली, आणखी एक दिवस गेला. चौथ्या दिवशी सकाळी पोर ओढून काढलं. ते मेलेलं होतं. रुख्मिणी वाचली, पण दहा दिवसांनी तिची वाकळ ओली झाली, आणि त्यानंतर ती कधी वाळलीच नाही. लघवी सारखी झिरपायची. वासानं घरात बसवेना, तिची खाट गोठ्यात गेली. नवऱ्यानं, मारोतरावनं, वर्षाच्या आत दुसरी केली. बाप येऊन तिला अनसिंगला घेऊन गेला. त्यानंतर चतुराबाईनं तिला पाहिलं ते आज.

रुख्मिणीचा चेहरा मात्र माणूस भेटल्यासारखा उजळला होता. तिनं चतुराबाईची वळकटी सोडली, चादर घातली, पाणी कुठलं प्यायचं, मोरी कुठं आहे, कोणती नर्स रागीट, सगळं सांगितलं. दोन महिने ती इथं होती. तीन आपरेशनं झाली होती. पहिलं साधलं नाही, दुसरं अर्धं साधलं, तिसऱ्याला अठरा दिवस झाले होते. लघवीची नळी काढून चार दिवस, आणि चारही दिवस ती कोरडी होती. हे सांगताना तिचा आवाज बारीक झाला, मोठ्यानं बोललं तर मोडेल असं. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आत तिचा हात अंगाखाली जायचा आणि चादर चाचपायचा. चतुराबाईनं ते दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

घड्या घालता घालता रुख्मिणी सहज म्हणाली, "मले दुसऱ्याच दिवशी अथी आणलं असतं त हे काईच झालं नसतं म्हणे. डाक्तरीणबाईनं सांगतलं. पण मामाजीनं बैलं जपले. चिखलात त्याईच्या बैलाईचे पाय मोडले असते नं."

चतुराबाई नुसतं हूं म्हणाली.

दोनदा सासरा भेटायला आला होता, तेही रुख्मिणीनं सांगितलं. पीठ घेऊन आला होता, डाळ घेऊन आला होता. तिनं दोन्ही वेळा नर्सबाईकडून निरोप धाडला की मले त्याईचं तोंड पाहायचं नाई. असं सांगताना तिला राग आल्यासारखं दिसत नव्हतं. राग जुना होऊन अंगवळणी पडला होता.

तपासणीला डाक्तरीणबाईनं चतुराबाईला आत घेतलं. बाई उंच होती, मराठी तोडून तोडून बोलायची. इतकी वर्षं का लपवलं, म्हणून तिनं विचारलं. मग हाताकडं पाहून, धंदा काय करता, हेही विचारलं. सुईण, असं उत्तर मिळालं. किती बायका पाठवल्या तुम्ही माझ्याकडे, असं तिनं विचारलं. दटावून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. चतुराबाई म्हणाली, कोणाले नाई. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं. पोट चिरायचं नाही, खालूनच शिवायचं आहे, परवा सकाळी आपरेशन, असं सांगून तिला सोडलं.

चतुराबाईला मरणाचं तसं भय नव्हतं. रक्त तिनं उभ्या जन्मात पुष्कळ पाहिलं होतं. घरी सुनेजवळ ठेवलेली नातवंडं आठवायची, जानरावचं कसं होईल असं वाटायचं, पण ते कोणत्याही बाईला वाटतं तेवढंच. खरं भय दुसऱ्याच गोष्टीनं बसलं. आपरेशनच्या आदल्या दिवशी रुख्मिणी तिचे पाय चेपत बसली होती आणि धीर देत होती.

"भिऊ नका. नाकावर जाळी ठेवतात, वास येते, गुदमरल्यावाणी होते, मंग काई समजत नाई. भूल उतरताना मातर माणूस पोटातलं सारं बोलते. मीनं म्हणे मायी सवत, सासरा, साऱ्याईले शिव्या देल्ल्या. नर्सा हसत होत्या."

चतुराबाईनं पाय आखडून घेतले.

तेव्हापासून तिला अन्न गोड लागलं नाही. भूल उतरताना रुख्मिणीच उशाशी बसणार हे ठरल्यासारखंच होतं. जानरावला बायकांच्या खोलीत बसू देत नव्हते आणि दुसरं कोणी सोबत आलं नव्हतं. चतुराबाईनं नर्सबाईला विचारलं की बिनभुलीचं करता येतं का. नर्सबाईनं आधी हसून घेतलं, मग नाही म्हणून सांगितलं. खाट बदलून द्या म्हणाली, तर दुसरी खाट रिकामी नव्हती. दुपारी तिनं जानरावला जाळीच्या दाराशी बोलावून घेतलं आणि बंडी जुंप, घरी चाल, असं सांगितलं. जानराव बाहेर निंबाखाली चुलीवर भात शिजवत होता, हाताला राख लागली होती. त्याला वाटलं माय घाबरली. त्यानं तिला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. आईला आजवर कोणत्याच गोष्टीला घाबरताना त्यानं पाहिलं नव्हतं. तिला कारण सांगता येईना. ती परत जाऊन खाटेवर पडली.

सकाळी टेबलावर झोपवलं तेव्हा तिनं दात घट्ट आवळून धरले होते. नर्सबाई म्हणाली, तोंड मोकळं सोडा, श्वास घ्या. उग्र गोडसर वास आला, कानात गोफण फिरल्यासारखा आवाज झाला. काही बोलायचं नाही, काही बोलायचं नाही, एवढंच ती मनाशी घोकत होती.

जाग आली तेव्हा खिडकीतून उन्हाची तिरीप भिंतीवर पडली होती. ओठांवरून कोणीतरी ओलं फडकं फिरवत होतं. रुख्मिणीच होती. चतुराबाईनं डोळे मिटून घेतले. खाली आगीसारखं पेटलं होतं, मळमळत होतं, पण त्यापेक्षा जिवाला घोर हाच की आपण काय बोललो असू.

पुढचे चार दिवस तिनं रुख्मिणीचा चेहरा वाचण्यात काढले. पाण्याचा पेला ठेवताना तिनं जरा आपटला का? आज बोलली नाही, ती काहून बोलली नाही? तिसऱ्या दिवशी ताप चढला. ताप टाक्यांचा होता, पण चतुराबाईला वाटलं आपल्याला हे लागलंच पाहिजे. तापात डाक्तरीणबाई दोनदा येऊन गेली. रुख्मिणीनं कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. रात्री स्वतःची झोप मोडून ती उठायची, आणि उठण्याआधी चादर चाचपायची. पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा तीच हसत म्हणाली, "चतुरामाय, तुमी भुलीत सारखं बैलं सोडा, बैलं सोडा म्हणत होत्या. जानरावदादानं बैलं जुंपूनच ठेवले होते का हो?"

चतुराबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. त्यापलीकडं रुख्मिणीला काही कळलेलं नव्हतं. म्हाताऱ्या बाईला भुलीतही बैलांची काळजी, एवढंच तिनं त्यातून घेतलं होतं. चतुराबाईचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच तिला स्वतःची अशी शिसारी आली की तिनं पाणी मागितलं आणि प्यायलीच नाही. सुटले, असं मनात आलं होतं ना, त्याची शिसारी.

दोन-तीन दिवस तसेच गेले. रविवारी वाशिमचा बाजार. दुपारी नर्सबाई रुख्मिणीकडं येऊन म्हणाली की तुझा सासरा आला आहे, परत पाठवू का. रुख्मिणीनं मान हलवली. नर्सबाई गेली. चतुराबाईच्या खिडकीतून बाहेरचं निंबाचं झाड दिसायचं. जगदेव त्याखाली उभा होता. तीन वर्षांत पार वाळला होता. नर्सबाईनं काहीतरी सांगितलं, त्यानं मुंडासं सारखं केलं, आणि खाली ठेवलेलं पिठाचं गाठोडं उचलायला तो वाकला. कोणावर रागावला नाही, कोणाला काही समजावून सांगितलं नाही. गावातही त्यानं त्या दुपारचं कधी नाव काढलं नव्हतं. सून आपल्याला काय समजते हे त्याला ठाऊक होतं, तरीही.

चतुराबाई म्हणाली, "रुख्मे, अथी बस."

"काहून? दुखते का?"

"तुया सासऱ्यानं दमणी जुंपली होती. दुसऱ्या दिवशी, दुपारी. गोधडी सुदा टाकली होती आत. मीनं सोडाले लावली."

रुख्मिणी उभीच राहिली. हातात कापसाचं भेंडोळं होतं. तिनं विचारलं, "चिखल होता म्हणून?"

इथं चतुराबाईला हो म्हणता आलं असतं. चिखल होताच. नाला भरलेला होता, आणि हो म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

"चिखल होता," ती म्हणाली. "पण मीनं चिखलासाठी नाई म्हणलं. वैशाखात पाटलाची पोरगी माया हातातून काढून अथी आणली होती आन ती सुखरूप सुटली. बाया विहिरीवर बोलत होत्या, चतुराच्या हाताले आता यश नाई राह्यलं. तुले बी आणलं असतं त मले कोणी बोलावलं नसतं. त्यासाठी म्हणलं."

रुख्मिणीनं कापूस खाटेवर ठेवला. ओटीपोटावर हात दाबून, टाके झालेली बाई चालते तशी हळूहळू चालत ती दाराबाहेर गेली. जगदेव फाटकाजवळ पोचला होता. खिडकीतून चतुराबाईला दोघं दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हाताऱ्यानं गाठोडं खाली ठेवलं. सून बोलत होती, तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले, आणि रुख्मिणीनं ते गाठोडं उचलायला हात घातला, तेव्हा त्यानं तिला उचलू दिलं नाही, स्वतःच उचलून ओट्यापर्यंत आणून दिलं.

त्यानंतर सहा दिवस रुख्मिणी चतुराबाईशी बोलली नाही. पाणी नर्सबाई देऊ लागली, पाय कोणी चेपेना. खाट शेजारीच असल्यानं दोघींनाही ते फार लांब गेले. रुख्मिणीला सोडायचं ठरलं त्या सकाळी ती आपलं लुगडं नीट नेसून, बोचकं बांधून चतुराबाईच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"ज्या माणसाले मीनं तीन वर्षं शिव्या देल्ल्या, तो मायासाठी दमणीत गोधडी टाकून उभा होता. हे तुमी आजलोक काहून नाई सांगतलं?"

"भेव वाटे," चतुराबाई म्हणाली.

"आता नाई वाटत?"

"वाटते."

रुख्मिणीनं तिच्याकडं थोडा वेळ पाहिलं. मग बोचकं काखेत मारलं आणि गेली.

चतुराबाई पुढच्या आठवड्यात घरी आली. तीन महिने ओझं उचलायचं नाही, खाली बसून भाकर करायची नाही, असं डाक्तरीणबाईनं जानरावला बजावलं होतं. अंग आता जागेवर होतं, चालताना काही उतरत नव्हतं. वीस वर्षांनी ती सरळ चालू लागली. सून म्हणे, माय, तुमी तरण्या दिसू लागल्या. त्या सुखाचं चतुराबाईला ओझं झालं. हे एवढं सोपं होतं, हेच तिला सहन होईना.

जगदेव एका संध्याकाळी तब्येत विचारायला आला. ओसरीवर बसला, सुपारी कातरत राहिला. चतुराबाईनं त्याच्यासमोर पदर पसरून माफी मागितली. त्यानं तिला हातानंच थांबवलं.

"जुंपली मीनं होती, सोडली बी मीनंच. बैलं मायी, सून मायी. तुमी फकस्त तोंडानं म्हणलं." अडकित्ता त्यानं खाली ठेवला. "आन खरं सांगू का, वैनी, नाल्याचा इचार माया बी मनात होता. नवी जोडी होती. तुमी सोडा म्हणलं आन मले बरं वाटलं. हे मीनं तठी निंबाखाली तिले बी सांगतलं."

हे ऐकून चतुराबाईचं मन हलकं व्हायला पाहिजे होतं. तसं काही झालं नाही. अपराध वाटून घेणारा माणूस भेटला, पण तिचा वाटा होता तेवढाच राहिला.

त्या उन्हाळ्यात ती एक काम करायला निघाली. आजवर ज्या ज्या बायकांनी तिच्यासारखंच दुखणं तिच्या कानात सांगितलं होतं, त्यांना तिनं एकच उत्तर दिलं होतं, की बाईच्या जातीले हे असतेच, बांध आन कामाले लाग. आठवून आठवून ती त्यांच्या दारी गेली. आपलं सगळं सांगितलं, वाशिमला जा म्हणाली. कोणी हसल्या. कोणाचे नवरे ओरडले. लखमा नावाच्या एका बाईनं दारातच उभं राहून सारं ऐकून घेतलं आणि बारा वर्षं मी हे सोसलं, असं म्हणून दार लावून घेतलं. एक तर मरूनच गेली होती. तिच्या घरी चतुराबाई उगीच बसून आली. सात-आठ जणींपैकी तिघी वाशिमला गेल्या. बाळंतपणं करणं तिनं सोडलं नाही, पण दुसऱ्या दिवसाचं ऊन पडायच्या आत ती घरच्या माणसाला म्हणायची, माया हाताचं काम नाई, निघा. आणि स्वतः सोबत जायची. पोर दवाखान्यात झालं की बाहेर ओट्यावर बसून राहायची. तिचा मान त्यामुळं कमीच झाला. बारशाला ओटी आधी भरायचं लोक विसरले.

अनसिंगकडून कोणी आलं की ती रुख्मिणीची खबर काढायची. बरी आहे म्हणत. कोरडी आहे, भावाच्या वावरात काम करते, कधीमधी सासरा जाऊन येतो. त्यापुढं विचारायचा चतुराबाईला धीर होत नसे.

अठ्ठेचाळीस साली जगदेव गेला. तेरवीला रुख्मिणी रिठदला आली, सहा वर्षांत पहिल्यांदा. मारोतराव आणि त्याची दुसरी बायको सामोरी आली नाहीत, तरी ती ओसरीवर बायकांत बसली, सासऱ्यासाठी रडली, जेवली. अंगानं भरली होती. निघताना तिनं रांगेनं बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या पायांना हात लावला. चतुराबाई त्या रांगेत तिसरी होती. रुख्मिणीनं तिच्याही पायांना हात लावला, वर पाहिलं नाही, आणि पुढच्या म्हातारीकडं सरकली. तो नमस्कार तिला म्हणून केलेला होता, की ती रांगेत बसली होती म्हणून, हे चतुराबाईला कळलं नाही.